‘विरचित’चा अर्थ : चतुर्वर्गचिंतामणी आणि हेमाद्रीचे कर्तृत्व

‘चतुर्वर्गचिंतामणी हा ग्रंथ हेमाद्रीने लिहिला’ हे विधान आपल्या वाङ्मयेतिहासांत इतक्या सहजपणे येते की त्यातील क्रियापदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ग्रंथाच्या पुष्पिकांमध्ये ‘हेमाद्रिविरचित’ असे पद आहे आणि त्याचे मराठी भाषांतर ‘हेमाद्रीने लिहिलेला’ असे आपण करून टाकतो. पण तेराव्या शतकात, देवगिरीच्या राजसभेत, धर्मशास्त्राच्या प्रचंड निबंधग्रंथाच्या संदर्भात ‘विरचित’ या पदाने नेमकी कोणती क्रिया सूचित होत होती? रचणे, रचवून घेणे, तपासून मान्य करणे की केवळ आपल्या अधिकारपदाची मुद्रा त्यावर उमटवणे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो केवळ ग्रंथेतिहासाचा प्रश्न नाही. मध्ययुगीन संहितेला ‘लेखक’ ही आपली कल्पना कितपत लागू पडते, हा समीक्षेच्या मुळाशी जाणारा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

प्रथम ग्रंथाचे स्वरूप पाहू. चतुर्वर्गचिंतामणीची मूळ योजना व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशा पाच खंडांची आहे. त्यांपैकी व्रत, दान आणि परिशेषखंडातील श्राद्ध व कालनिर्णय हे भाग कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने बिब्लिओथेका इंडिका मालेत १८७३ पासून क्रमाक्रमाने छापले. तीर्थ आणि मोक्ष हे खंड उपलब्ध झालेले नाहीत. जे छापले गेले तेही हजारो पृष्ठांचे आहे. श्रुती, गृह्यसूत्रे, स्मृती, पुराणे, उपपुराणे यांतील वचने विषयवार एकत्र आणायची, त्यांतील विरोध मीमांसेच्या न्यायांनी मिटवायचा आणि आचाराचा निर्णय द्यायचा, ही निबंधकाराची पद्धत. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. ज्याला आपण आज ‘कायदा’ म्हणतो तो व्यवहाराचा भाग – ऋणादान, दायविभाग, साक्षी, दंड – या योजनेत नाही. त्यासाठी मराठी मुलूख कल्याणीच्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेकडे पाहत राहिला. हेमाद्रीचा ग्रंथ दिवस, तिथी, दान आणि पितर यांचा कायदा सांगतो. मध्ययुगीन माणसाच्या दृष्टीने हा कायदा न्यायसभेतील कायद्यापेक्षा कमी बंधनकारक नव्हता, कदाचित अधिकच होता.

आता या ग्रंथाशी ज्याचे नाव जोडले आहे तो पुरुष. वत्सगोत्री, कामदेवाचा पुत्र, वासुदेवाचा नातू, वामनाचा पणतू. यादव महादेव (१२६० ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्र यांच्या राज्यात तो श्रीकरणाधिप होता. म्हणजे राज्याच्या साऱ्या दप्तराचा, लेखनव्यवहाराचा आणि हिशेबाचा मुख्य. शके ११९४ (इ. स. १२७२) च्या ठाणे ताम्रपटात त्याच्याकडे श्रीकरणाबरोबरच हत्तीदळाचेही आधिपत्य असल्याचे सांगून पूर्व विदर्भातील झाडीमंडळ जिंकल्याचे श्रेय त्याला दिले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका त्याच्या नावावर आहे, बोपदेवाच्या ‘मुक्ताफळा’वरील ‘कैवल्यदीपिका’ ही टीकाही त्याच्याच नावावर आहे. चतुर्वर्गचिंतामणी महादेवाच्या कारकिर्दीतला आहे, तेव्हा हाताशी उणीपुरी दहा-अकरा वर्षे. दप्तर सांभाळणारा, हत्ती सांभाळणारा, मोहिमा काढणारा मंत्री एवढ्या काळात हजारो वचने स्वतः शोधून, उतरवून, त्यांचा समन्वय करून असा ग्रंथ सिद्ध करतो, असे मानायचे तर त्या माणसाला दैवी सामर्थ्य तरी द्यावे लागेल किंवा ‘रचणे’ या क्रियेचा अर्थ तरी बदलावा लागेल. लोकपरंपरेने पहिला पर्याय निवडला. तिने हेमाडपंताला बिभीषणाचा वैद्य केले आणि राक्षसांकडून एका रात्रीत देवळे बांधून घेतली. अभ्यासकाने दुसऱ्या पर्यायाकडे वळले पाहिजे.

ग्रंथाच्या प्रारंभीच्या प्रशस्तीकडेही याच दृष्टीने पाहता येते. रा. गो. भांडारकरांनी ‘अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन’ (१८८४) या ग्रंथासाठी व्रतखंडाच्या प्रास्ताविकातील यादवांची वंशावळ वापरली आणि ती पाठासह छापली, तेव्हा ही राजप्रशस्ती हस्तलिखितांत दोन वेगवेगळ्या रूपांत आढळते हे त्यांच्यासमोर स्पष्ट होते. राजाची वंशावळ दोन रूपांत सिद्ध होते, ग्रंथकर्त्याची स्तुती तृतीय पुरुषात होते, त्याच्या दातृत्वाची आणि शौर्याची वर्णने येतात. तृतीय पुरुष हा संस्कृत ग्रंथप्रारंभाचा संकेत आहे, हे मान्य करूनही या मजकुरामागे एकापेक्षा अधिक हात वावरत असावेत, असे वाटते. प्रशस्ती रचणे हे तर श्रीकरणाचे नित्याचेच काम होते.

हा संशय केवळ आपल्याकडचा नाही. जवळजवळ याच काळात इंग्लंडमध्ये कायद्याचे दोन लॅटिन ग्रंथ सिद्ध झाले आणि त्यांच्या कर्तृत्वाचा वाद आपल्या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. पहिला ‘ग्लॅनव्हिल’ या नावाने ओळखला जाणारा, ११८७ ते ११८९ च्या सुमाराचा. रॅनल्फ ग्लॅनव्हिल हा दुसऱ्या हेन्रीचा मुख्य न्यायाधिकारी. तोही सेनानी, तोही कारभारी, ११९० मध्ये धर्मयुद्धात आक्र येथे मरण पावला. गंमत अशी, की हस्तलिखितांच्या शीर्षकात हा ग्रंथ त्याने रचला असे म्हटलेलेच नाही. न्यायाचे सुकाणू त्याच्या हाती असताना तो सिद्ध झाला, एवढेच म्हटले आहे. काळाचा निर्देश पुढच्या पिढ्यांनी कर्त्याचा निर्देश म्हणून वाचला. ह्यूबर्ट वॉल्टर, जेफ्री फिट्झ पीटर अशी इतर नावे नंतर पुढे आली. न्यायकचेरीतील एखाद्या कारकुनाचे हे काम असावे, असेही मत मांडले गेले.

दुसरा ग्रंथ अधिक बोधक आहे. ‘इंग्लंडचे कायदे व रूढी’ या विषयावरील हा विशाल ग्रंथ हेन्री ब्रॅक्टन (मूळ नाव ब्रॅटन, मृत्यू १२६८) या न्यायाधीशाच्या नावावर शतकानुशतके चालत आला. १८८४ मध्ये पॉल विनोग्राडॉफ यांना ब्रिटिश म्युझियममध्ये खटल्यांच्या नोंदींची एक वही सापडली आणि ती या ग्रंथाच्या सामग्रीचा भाग असावी, असे त्यांनी सुचवले. मेटलंड यांनी ती १८८७ मध्ये ‘ब्रॅक्टनची टिपणवही’ म्हणून तीन खंडांत प्रसिद्ध केली. तेव्हा वाटले की लेखक आता आपल्या लेखनाच्या मेजावरच सापडला. परंतु वही जितकी बारकाईने वाचली गेली तितका लेखक दूर सरकत गेला. त्यातील खटले मुख्यतः मार्टिन पॅटेशल आणि विल्यम रॅली या आधीच्या पिढीतील न्यायाधीशांचे आहेत. वुडबाइन यांच्या संहितेचे भाषांतर व संपादन करताना सॅम्युएल थॉर्न यांनी १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले की ग्रंथाचा मोठा भाग १२२० आणि १२३० च्या दशकांत, या न्यायाधीशांच्या कचेरीतच तयार झाला. ब्रॅटन हा त्याचा अखेरचा संस्कर्ता, मूळ कर्ता नव्हे. १९९३ मध्ये बार्टन यांनी या मताला विरोध केला आणि नंतर पॉल ब्रँड यांनी ते उचलून धरले. या वादाचे तपशील कायद्याच्या इतिहासकारांचे आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे : ‘कोणी लिहिले’ या प्रश्नाचे उत्तर एका व्यक्तीकडून एका कचेरीकडे आणि एका क्षणाकडून दोन-तीन पिढ्यांकडे सरकले, आणि ते सरकले म्हणून ग्रंथाचे मोल घटले नाही. उलट त्यातील विसंगती, अर्धवट राहिलेली प्रकरणे, जुने-नवे नियम शेजारी शेजारी असणे, याचा अर्थ लागू लागला.

ही तुलना किती ताणायची याला मर्यादा आहेत. इंग्रजी ग्रंथाच्या मागे न्यायालयाच्या नोंदींचे पट आहेत. तेथे ग्रंथातील वाक्य आणि खटल्यातील निकाल समोरासमोर ठेवून ताडता येतात. यादवांचे कागदी दप्तर आपल्याजवळ नाही. आहेत ते शिलालेख, ताम्रपट आणि ग्रंथांच्या नकला. शिवाय इंग्लंडचा तो ग्रंथ न्यायाधीशांच्या निर्णयांतून नियम काढतो, तर निबंध वचनातून. वचन अपौरुषेय किंवा ऋषिप्रणीत असल्यामुळे निबंधकार आपल्याला नवनिर्माता म्हणवून घेऊच शकत नाही. त्याचे कर्तृत्व निवडीत आणि मांडणीत असते. नेमके म्हणूनच हे काम वाटून देता येण्यासारखे असते.

आणि ते वाटून दिले जात होते, याची उदाहरणे याच परंपरेत आहेत. बंगालच्या बल्लालसेनाचा ‘दानसागर’ (शके १०९१) राजाच्या नावावर आहे. त्यात राजाने आपल्या अनिरुद्ध या गुरूचे ऋण मान्य केले आहे आणि पुढे रघुनंदनाने तर तो ग्रंथ अनिरुद्धाचाच म्हणून सांगितला. ‘मदनपारिजात’ मदनपाल राजाच्या नावाचा, पण रचणारा विश्वेश्वरभट्ट. अकबराच्या काळात तोडरमलाच्या नावाने ‘तोडरानंद’ सिद्ध झाला तो पंडितांच्या हातून. याची संस्कृत जगाला लाज वाटत नव्हती, कारण त्यात लपवाछपवी नव्हती. धर्मनिर्णयाच्या ग्रंथाला पंडिताची विद्या लागते तशीच तो निर्णय चालवू शकणाऱ्या सत्तेची ग्वाहीही लागते. विद्या ज्याची त्याचे नाव क्वचित राहते. ग्वाही ज्याची त्याचे राहतेच. ‘विरचित’ हे पद या दोन्ही गोष्टींना एकाच शब्दात सामावून घेते.

येथे वऱ्हाडकरांचा लाडका उमेदवार पुढे येतो : बोपदेव. ‘मुग्धबोध’ या व्याकरणाचा कर्ता, वैद्य केशवाचा पुत्र, धनेशाचा शिष्य. पिता आणि गुरू यांचे गाव वरदेच्या, म्हणजे वर्धा नदीच्या काठी असलेले सार्थ. यावरून भांडारकरांनी त्याला वऱ्हाडचा ठरवले. वर्धा नदी आमच्या यवतमाळ जिल्ह्याची सीमा आखत वाहते, त्यामुळे या भागातील व्याख्यानांतून ‘हेमाद्रीचा ग्रंथ खरे तर आमच्या बोपदेवाचा’ हे वाक्य टाळ्या घेते. प्रादेशिक अभिमान समजण्यासारखा आहे. पुराव्याला मात्र टाळ्या ऐकू येत नाहीत.

बोपदेवाच्या बाजूने काय आहे? तो हेमाद्रीच्या आश्रयाला होता. भागवताची सूची असलेली ‘हरिलीला’ आणि भागवतातील श्लोकांची रसानुसार मांडणी करणारे ‘मुक्ताफळ’ त्याने हेमाद्रीच्या संतोषासाठी रचल्याचे सांगितले आहे. त्याच्या ग्रंथसंपदेची गणना करणाऱ्या एका प्रसिद्ध श्लोकात व्याकरणावरील दहा, वैद्यकावरील नऊ, तिथिनिर्णयावरील एक, साहित्यावरील तीन आणि भागवतावरील तीन ग्रंथ त्याच्या नावे दिले आहेत. यातला तिथिनिर्णयावरील एक ग्रंथ म्हणजेच हेमाद्रीचा ‘कालनिर्णय’ असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु हाच पुरावा उलटही बोलतो. ज्याच्या सव्वीस ग्रंथांची मोजदाद अभिमानाने केली जाते, ज्याने आश्रयदात्यासाठी रचलेल्या ग्रंथांवरही आपले नाव स्पष्टपणे ठेवले, त्याच्या गणनेत एवढ्या महाकाय निबंधाचा उल्लेख गळावा हे संभवत नाही. हेमाद्री आणि बोपदेव यांच्यात नावांची सीमा नेमकी आखलेली होती. ती एकाच ठिकाणी पुसट होते, कैवल्यदीपिकेत. मंत्र्याने आपल्या आश्रितपंडिताच्या ग्रंथावर टीका लिहावी हा प्रकारच चमत्कारिक. तेथे बोपदेवाच्या लेखणीचा संशय अनेकांनी घेतला आहे आणि तो मला रास्त वाटतो.

बोपदेवावर परक्या ग्रंथाचे कर्तृत्व लादले जाण्याचा प्रसंग याआधीही आलेला आहे, हे विसरू नये. हरिलीला आणि मुक्ताफळ यांच्यामुळे खुद्द श्रीमद्भागवतच बोपदेवाने रचले अशी वदंता पसरली. शाक्त-वैष्णवांच्या वादात तिचा शस्त्रासारखा वापर झाला आणि एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनीही ती गंभीरपणे घेतली. वस्तुतः अल् बिरूनीने १०३० च्या सुमारास दिलेल्या पुराणांच्या यादीत भागवत आहे, आणि बल्लालसेनाच्या दानसागरातही त्याचा निर्देश आहे; दोन्ही बोपदेवाच्या पूर्वीचे. जेथे एखादा विद्वान एखाद्या ग्रंथाभोवती फार वावरलेला दिसतो, तेथे त्यालाच कर्ता करून टाकण्याची ही प्रवृत्ती आहे. हेमाद्रीऐवजी बोपदेव हे उत्तर त्याच प्रवृत्तीचे अपत्य होय. एका व्यक्तीच्या जागी दुसरी व्यक्ती बसवली की प्रश्न सुटला असे वाटते, प्रश्नाची मांडणी मात्र होती तशीच राहते.

माझ्या मते अधिक फलदायी वाट संहितेच्या आतून जाते. चतुर्वर्गचिंतामणीचे सारे भाग एका पोताचे नाहीत. व्रतखंडात आणि दानखंडात पुराणांतील दीर्घ उतारेच्या उतारे पानोपानी चालतात. संपादकाचा स्वर मधूनच, एखाद्या शब्दाचा अर्थ सांगण्यापुरता ऐकू येतो. श्राद्ध आणि कालनिर्णय या भागांत आले की हवा बदलते. तेथे पूर्वपक्ष उभे राहतात, पूर्वसूरींची मते घेऊन खोडली जातात, मीमांसेचे अधिकरणन्याय सराईतपणे येतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी हेमाद्रीच्या मीमांसाज्ञानाची जी वाखाणणी केली तिचा आधार प्रामुख्याने असेच भाग आहेत. विषयभेदाने शैली बदलते, हे खरे. व्रताच्या कथेला मीमांसा किती लागणार? तथापि, एकात संकलकांचा गट आणि दुसऱ्यात एक मुरलेला मीमांसक, असे चित्र मनासमोर आल्याशिवाय राहत नाही. तो मीमांसक स्वतः हेमाद्री असू शकेल. तसे असेल तर त्याच्या ‘विरचित’ला एका भागात एक अर्थ आहे आणि दुसऱ्या भागात दुसरा. खंडवार, प्रकरणवार, निर्णयाच्या भाषेची आणि वचने उद्धृत करण्याच्या रीतीची तपासणी झाल्याखेरीज याहून पुढे जाणे धाडसाचे होईल. संगणकाच्या साहाय्याने अशी तपासणी आज पूर्वीइतकी अशक्य राहिलेली नाही.

येथे मिशेल फूको यांच्या १९६९ च्या ‘लेखक म्हणजे काय?’ या व्याख्यानाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मध्ययुगात वैद्यक, सृष्टिविज्ञान अशा विषयांवरील ग्रंथांना प्रामाण्य मिळण्यासाठी कर्त्याचे नाव आवश्यक असे, आणि आपण आज ज्यांना ‘साहित्य’ म्हणतो त्या कथा-काव्यांना ते नसले तरी चाले, हे त्यांचे निरीक्षण आपल्या उदाहरणाला बरेचसे लागू पडते. पण आपल्याकडे नावाचा प्रवास आणखी एक पाऊल पुढे गेला. उत्तरकालीन निबंधांत – कमलाकरभट्टाच्या ‘निर्णयसिंधू’त (१६१२) हे पाहावे – आधार दिला जातो तो ‘हेमाद्रौ’ असा. सप्तमी विभक्ती. हेमाद्री म्हणतो असे नव्हे, तर हेमाद्रीमध्ये आहे. माणसाचा ग्रंथ झाला, त्याला पृष्ठे फुटली. उत्तरेत श्रावणीच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या लांबलचक संकल्पाला आजही ‘हेमाद्रिसंकल्प’ म्हणतात. तो म्हणणाऱ्याला देवगिरीचा मंत्री ठाऊक असण्याची गरज नसते. इंग्रजांच्या न्यायालयांत ‘ब्रॅक्टनमध्ये’ असे दाखले दिले जात तेव्हाही हेच घडत होते. ‘लेखकाचा मृत्यू’ ही घोषणा बार्थ यांनी १९६७–६८ मध्ये केली. विभक्तिप्रत्ययाने हे काम निमूटपणे फार पूर्वीच केले होते.

मग व्यक्ती कधी हवीशी होते? जेव्हा श्रेय द्यायचे असते किंवा दोष द्यायचा असतो तेव्हा. या बाबतीत हेमाद्रीचे नशीब विलक्षण आहे. जी दगडी, चुन्यावाचून जोडलेली देवळे दिसतात ती सगळी ‘हेमाडपंती’. यवतमाळलगतच्या लोहाऱ्याचे कमलेश्वराचे मंदिर हेमाडपंती, आणि शके ९८२ (इ. स. १०६०) चा लेख असलेले, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे अंबरनाथचे मंदिरही हेमाडपंतीच. मोडी लिपी त्याची, बाजरी त्याने आणली, पत्रांचे मायने आणि कारभाराची रीत सांगणारी नंतरच्या काळातील ‘मेस्तके’ही त्याच्या नावाची. उलट बाजूला वि. का. राजवाड्यांसारख्या इतिहासकारांना यादवांच्या पतनाची कारणे शोधताना व्रतखंडातील व्रतांचा बुजबुजाट दिसला आणि कर्मकांडाने समाज दुबळा केल्याचा ठपका हेमाद्रीवर आला. महानुभाव परंपरेने चक्रधरांच्या छळाचे कर्तृत्वही त्याच्याकडेच दिले. यातील कोणता आरोप किती खरा, हा वेगळा विषय. पण ज्या व्रतखंडात संकलकांचा स्वर सर्वाधिक आणि ‘लेखक’ सर्वांत कमी आहे, त्याच खंडासाठी एका माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, हे कर्तृत्वाच्या भाबड्या कल्पनेचे थेट फळ आहे. ती व्रते त्याने निर्माण केली नव्हती. पुराणांत विखुरलेली होती ती श्रीकरणाच्या शिस्तीने एका ठिकाणी नोंदवली गेली. नोंद करणे हीसुद्धा राजकीय कृती आहे आणि तिची जबाबदारी कचेरीवर व तिच्या मुख्यावर येतेच. ती जबाबदारी मात्र लेखकाची नव्हे, अधिकाऱ्याची आहे. आणि टीका करायची तर ती त्या अंगाने केली पाहिजे.

याच काळात, देवगिरीपासून दूर ऋद्धिपुरास, ग्रंथरचनेची एक अगदी वेगळी रीत आकार घेत होती. चक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली ज्यांनी ज्यांनी ते प्रसंग पाहिले त्यांच्याकडून लीळा गोळा केल्या. मूळ पोथी गेल्यावर ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली, तेव्हा पाठभेद दडवण्याऐवजी ‘वासना’ म्हणून, सांगणाऱ्याच्या नावानिशी जपले गेले. म्हाइंभटही संकलकच; पण त्यांच्या संहितेत साक्षीदारांची नावे राहिली, आणि श्रीकरणाच्या संहितेत ती राहिली नाहीत. एकीकडे प्रामाण्य आले ते सांगणाऱ्या अनेकांच्या नावांवरून, दुसरीकडे ते आले एका पदाच्या नावावरून. दोन्ही ग्रंथ एकाच राज्यात, काही वर्षांच्या अंतराने सिद्ध झाले. त्यांना शेजारी ठेवून, संकलनाच्या दोन रीती म्हणून वाचण्याचे काम आपल्या अभ्यासक्रमांत जवळजवळ होतच नाही. एक संस्कृतच्या विभागात पडतो, दुसरा मराठीच्या.

पंढरपूरचा ‘चौऱ्यांशीचा’ शिलालेख (शके ११९५ ते ११९९) हा या दोहोंच्या मधला वाटतो. विठ्ठलाच्या सेवेसाठी ज्यांनी द्रव्य दिले त्या भक्तांची ती मराठीतील यादी आहे आणि तीत राजाबरोबर हेमाडि पंडिताचेही नाव कोरले आहे. हजारो पानांच्या संस्कृत ग्रंथात ज्याचे नाव प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी बिरुदांसह येते, तो येथे देणाऱ्यांच्या रांगेत, इतरांसारखाच, दिलेल्या द्रव्याशेजारी उभा आहे.